कर्जाचा उद्देश

मराठी माणसानं ‘सेवा’ या शब्दाला जेवढं राबवलं आहे, तेवढं दुसऱ्या कुठल्याच शब्दाला राबवलं नसेल. तीस-पस्तीस वर्षं खुर्ची झिजवून माणूस घरी बसला, की तो ‘नोकरीनिवृत्त’ होत नाही, ‘सेवानिवृत्त’ होतो. त्याच्या अंगावर शाल आणि हातात नारळ पडतो आणि भाषण करणारे साहेब सांगतात, की यांनी संस्थेची प्रदीर्घ सेवा केली. त्या सेवेबद्दल दर महिन्याच्या अखेरीला खात्यात काय जमा होत होतं, हे भाषणात येत नाही. बँकेत तर सेवा आणि पैसा यांचं नातं छापीलच आहे. चेक परत गेला, किमान शिल्लक राहिली नाही, की आम्ही जे कापून घेतो त्याचं नावच मुळी ‘सेवाशुल्क’. एक म्हातारे खातेदार एकदा पासबुक भरून घेताना आम्हाला म्हणाले, ‘साहेब, माझी एवढी सेवा करत जाऊ नका. झेपत नाही.’

तेव्हा सेवा म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडवावा आणि आम्ही स्लिपा तपासाव्यात, अशी श्रमविभागणी आम्ही मनाशी करून टाकली होती. पण तत्त्वज्ञानाचं एक वाईट असतं. ते टोकन न घेता थेट काउंटरवर येतं.

आमच्या संभाजीनगरच्या शाखेत (जुन्या पासबुकांवर अजून औरंगाबादच आहे, आम्ही दोन्ही तितक्याच अदबीनं भरून देतो) ते आलं आमच्या भाच्याच्या रूपानं. भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला वैयक्तिक कर्ज हवं होतं. अर्ज त्यानं सुवाच्य अक्षरात भरला आणि एका रकान्यापाशी अडला. ‘कर्जाचा उद्देश’.

‘मामा, इथं सेवा लिहू का?’

आमच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्या रकान्यात लग्न, आजारपण, घरदुरुस्ती आणि मोटारसायकल यांपलीकडे काही आलं नव्हतं. सेवेसाठी कर्ज मागणारा हा पहिलाच. चौकशी केली तेव्हा समजलं, की भाचा चौदा दिवसांसाठी केनियाला निघाला आहे. पैकी दहा दिवस एका खेड्यातल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि मुलांना इंग्रजी शिकवायचं; उरलेले चार दिवस मसाई मारात सिंह, हत्ती आणि गेंडे पाहायचे. सगळ्याचा मिळून खर्च आमच्या चार महिन्यांच्या पगाराच्या घरात. बरोबर गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठाच्या डाव्या अर्ध्यावर सिंह होता, उजव्या अर्ध्यावर मुलं होती आणि छायाचित्रकारानं दोघांकडेही सारख्याच कौतुकानं पाहिलं होतं.

घरी यावर चर्चासत्र झालं. आमची ही म्हणाली, ‘भिंतीच रंगवायच्या तर आपलं स्वयंपाकघर आहे की! चार महिन्यांचा पगार देऊन रंगवतात का कुणी? मी वर जेवायला घालीन.’ शेजारचे निवृत्त तहसीलदार चहाला आले होते. ते म्हणाले, ‘सेवाच करायची तर घाटीत जा म्हणावं. खेड्यापाड्यांतून माणसं येतात, त्यांना केसपेपर कुठं काढायचा ते सांगत उभा राहा. पण तिथं सिंह नाहीत ना!’ आमची बहीण फोनवर एवढंच म्हणाली, ‘दादा, त्याला मनापासून वाटतंय रे.’

आणि ते खरं होतं. गेल्या उन्हाळ्यात या पोरानं सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीचं दहावीचं गणित रोज रात्री तासभर घेतलं होतं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं; आम्हाला वॉचमननं सांगितलं. तेव्हा तहसीलदारांसारखं हसून मोकळं होणं सोपं असलं तरी आमची जीभ रेटेना. चांगलं करण्याची इच्छा हा काही रोज उगवणारा माल नाही. ती दिसली की तिला पहिल्याच दिवशी ‘यात तुझाही फायदा आहे’ असं सांगून घरी पाठवायचं, आणि मग ‘हल्लीच्या पिढीला समाजाचं काही नाही’ म्हणून परिसंवाद भरवायचे, हा आपला जुना उद्योग आहे.

प्रश्न असा, की ज्या सेवेत मजा आहे, ती सेवा धरायची की नाही?

शुद्ध सेवावाले म्हणतात, नाही. गीतेत निष्काम कर्म सांगितलं आहे. सिंह पाहण्याची कामना आली की कर्म नासलं. आता गीतेपुढं आम्ही काय बोलणार! पण हा नियम कडक लावला तर उद्या सकाळी गावातली निम्मी धर्मकृत्यं बंद होतील. बागेतल्या प्रत्येक बाकावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांनी काय दिलं ते कोरलेलं असतं. बसणाऱ्याची पाठ नेमकी त्या नावाला टेकते. पण दमलेल्या माणसाची पाठ टेकते, हे महत्त्वाचं. ती नावाला टेकली काय आणि नुसत्या फळीला टेकली काय. ज्याला शिकवण्यात आनंद होतो तोच मास्तर चांगला शिकवतो. आनंद झाल्याबद्दल त्याचे गुण कापायचे ठरवलं तर वर्गात फक्त कंटाळलेले मास्तर उरतील. त्यांचा पुरवठा तसाही कमी नाही.

तेव्हा मजा हा गुन्हा नव्हे, असा आम्ही निकाल दिला. तरी मन स्वस्थ होईना. काहीतरी जुळत नव्हतं, आणि जुळत नसलं की आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाला एकच उपाय ठाऊक असतो. वही दोन्ही बाजूंनी तपासायची. जमा लिहिली की कुठंतरी नावे लिहावी लागते. ही द्विनोंदी पद्धत छापील पुस्तकातून जगापुढं पहिल्यांदा मांडली ती १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांनी, आणि हे गृहस्थ कुणी सावकार नव्हते, फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी होते. घरदार सोडलेल्या माणसाला हिशेबाच्या दोन्ही बाजू दिसल्या. सेवा करणाऱ्यांच्या वहीत मात्र बहुधा एकच बाजू लिहिलेली असते. आम्ही दिलं. काय घेतलं, त्याचं पान कोरं.

आमच्या स्वतःच्या वहीत असं एक पान आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर, आम्ही सोमनाथच्या छावणीला गेलो होतो. सोमनाथ म्हणजे गुजरातमधलं नव्हे; चंद्रपूर जिल्ह्यातलं, मूल गावाजवळचं. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, आणि पुढं सोमनाथला जंगलालगतच्या जमिनीवर कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी शेती फुलवली. तिथं मे महिन्यात तरुणांची छावणी भरत आली आहे. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला जास्त सांगायला नको. आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं तव्यावर हात ठेवून पाहावा.

सकाळी फावडी-कुदळी घेऊन खणायचं, दुपारी थोरामोठ्यांची व्याख्यानं ऐकायची, रात्री गाणी म्हणायची. आमच्या गटाबरोबर एक साठीचे गृहस्थ होते. त्यांच्या हातांना बोटं उरली नव्हती म्हटलं तरी चालेल. कुदळीच्या दांड्याला त्यांनी चिंधी गुंडाळली होती आणि दोन तळव्यांच्या बेचक्यात तो धरून ते खणायचे. आम्ही कॉलेजची पोरं घटकाभरात पाणी प्यायला पळायचो. ते खणतच असायचे. मात्र मधूनमधून ते थांबायचे आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उलटेसुलटे नीट पाहायचे. मला वाटलं, देवाला नमस्कार वगैरे असेल. विचारलं तर म्हणाले, ‘बाळ, तुला फोड आला की दुखतं. मला दुखत नाही, म्हणून बघावं लागतं.’ आजारात हातांची संवेदना गेलेली. जखम झालेली कळत नाही, आणि न कळलेली जखमच पुढं बोटं नेते. नंतर माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, ‘दांडा एवढा आवळू नको. हातात नुसता राहू दे.’ माझे फोड त्या दिवसापासून वाढायचे थांबले.

परतीच्या प्रवासात मी ताळेबंद मांडला. एका बाजूला मी उपसलेली माती. दुसऱ्या बाजूला आठ दिवसांची जेवणं, फावड्याची झीज, हातांची मलमपट्टी. रोजगार हमीच्या दरानं त्या मातीचे पैसे धरले असते तर मी खाल्लेल्या भाताचीही भरपाई झाली नसती, आणि तो भात पिकवला होता, आम्ही ज्यांची ‘सेवा’ करायला गेलो त्यांनी! बरं, हे काय बाबांच्या लक्षात आलं नसेल? दरिद्री माणसाला भीक मोडते आणि काम उभं करतं, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला वीस वर्षांची पोरं किती माती उपसतात हे ठाऊक नव्हतं? पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून त्या छावणीचं नाव सेवा छावणी नाही. नाव आहे ‘श्रमसंस्कार छावणी’. संस्कार कुणावर? खणणाऱ्यावर. लाभार्थी कोण, हे पाटीवरच लिहून ठेवलं आहे. इतका चोख हिशेब आम्ही सनदी लेखापालाच्या कचेरीतही पाहिलेला नाही.

भाच्याच्या माहितीपत्रकात नेमकी हीच नोंद उलटी होती. तो तिथं जाऊन मुलांचं आयुष्य बदलणार होता. दहा दिवसांत. त्याच्या आधी कुणी बदललं होतं, त्याच्यानंतर कुणी पुन्हा बदलणार होतं. त्या शाळेच्या भिंती वर्षातून किती वेळा रंगवल्या जात असतील, या विचारानंच आम्हाला भोवळ आली.

भिंतीला कितीही रंग दिले तरी भिंत रडत नाही. पण वाणिज्य शाखेत एक नियम पहिल्याच वर्षी शिकवतात. मागणी तसा पुरवठा. पैसे मोजून सेवा करू पाहणारी माणसं वाढली, की ज्यांची सेवा करायची तेही वाढवावे लागतात. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी पाहुण्यांच्या ओघाबरोबर अनाथाश्रम वाढत गेले, आणि पुढं उघड झालं, की त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. गरिबाचं मूल ‘शिकायला’ म्हणून आणायचं आणि पाहुण्यांपुढं अनाथ म्हणून उभं करायचं. पाहुणा पंधरा दिवस लळा लावतो, जाताना डोळे पुसतो, विमानात बसतो. लगेच दुसरा येतो. त्या मुलाच्या वाट्याला दर महिन्याला एक ताटातूट.

प्राण्यांचंही तेच. दक्षिण आफ्रिकेत कितीतरी कनवाळू तरुण पैसे भरून सिंहाच्या ‘अनाथ’ छाव्यांना बाटलीनं दूध पाजायला जात असत. छावे अनाथ नव्हते. पिंजऱ्यातल्या सिंहिणीपासून ते मुद्दाम तोडलेले होते. माणसाळलेला तो सिंह मोठा झाला, की कुंपणाच्या आत शिकाऱ्यांपुढं सोडायचा, असा तो धंदा होता. तिथल्या सरकारनं नेमलेल्या समितीनं २०२१ साली सिंहांची ही पिंजऱ्यातली पैदास थांबवावी अशी शिफारस केली. दूध पाजणाऱ्या पोरांचा हेतू गंगेसारखा शुद्ध होता. हेतू शुद्ध होता म्हणून तर गिऱ्हाईक पक्कं होतं.

म्हणजे नुसत्या हेतूवर भागत नाही. मग कशावर भागतं?

सहलीला जाऊन सेवा करणारे लोक आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. १९७०च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडच्या जंगलात गेले, तेही सहलीलाच. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तिथं संगम आहे. सहलीला याहून चांगली जागा कुठली! तिथल्या माडिया गोंडांची स्थिती पाहून बाबांनी तिथं काम काढायचं ठरवलं आणि धाकट्या प्रकाशनं त्यासाठी पुढं यायचं कबूल केलं. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉक्टर झालेला हा मुलगा शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण सोडून आणि डॉ. मंदाकिनी आमटे आपली भूलतज्ज्ञाची विद्या घेऊन तिथं गेले. कपडे घातलेल्या माणसाला लोक बुजतात असं दिसलं, तेव्हा डॉक्टर बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले. लिपी नसलेली माडिया भाषा रोग्यांकडूनच शिकले. रोगी आपल्या वेळेनं आले, आपल्या संशयानं आले, कित्येक दिवस आलेच नाहीत; डॉक्टर थांबले.

आणि तिथंही प्राणी आहेतच. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मारलेली माकडं होती आणि मेलेल्या आईला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी व्याख्यान दिलं नाही. पोट भरायला शिकार करणाऱ्याला काय व्याख्यान द्यायचं! त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. पुढं लोकच आईवेगळी पिल्लं आणून देऊ लागले आणि बिबटे, अस्वलं, तरस, हरणं यांचं अनाथालय उभं राहिलं. ते अनाथ खरे होते. सहल १९७० ची. दोघांना मॅगसेसे मिळालं २००८ साली. एवढी लांब सहल आमच्या एलएफसीत बसत नाही.

खुद्द आफ्रिकेतलं उदाहरण हवं असेल तर अल्बर्ट श्वाइत्झर. ऑर्गनवादक आणि धर्मशास्त्राचा पंडित म्हणून नाव झाल्यावर हा माणूस वैद्यक शिकला आणि १९१३ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आजच्या गाबोन देशातल्या लांबारेने इथं दवाखाना काढायला गेला. १९१५ साली ओगोवे नदीतून होडीनं जाताना पाणघोड्यांच्या कळपामधून वाट काढत असता ‘जीवनाविषयी आदर’ हे आपल्या विचाराचं सूत्र त्याला सुचलं. पुढं शांततेचं नोबेल मिळालं. आफ्रिकी माणसांशी वागण्यातल्या त्याच्या वडीलभावाच्या थाटावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण पाणघोडे पाहून तो परत फिरला नाही. १९६५ साली मेला तोही लांबारेनेलाच.

आता यावरून कुणी म्हणेल, की आयुष्य देणार असाल तरच जा, नाहीतर घरी बसा. तसं नाही. सगळ्यांनीच बनियनवर जंगलात जाऊन राहायचं ठरवलं तर आमचं क्लिअरिंग कोण पाहील? आम्हाला जो फरक दिसतो तो दिवसांचा नाही. घड्याळ कुणाचं चालतं, हा फरक आहे. काम तिथल्या माणसाच्या गरजेनं ठरलं की पाहुण्याच्या रजेनं?

गंमत म्हणजे हे आम्हाला पटवलं ते वाघानं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एलएफसीवर ताडोबाला गेलो होतो. पहाटे चारला उठून जिप्सीत बसलो. सगळ्या जिप्स्यांत मिळून एकही माणूस म्हणत नव्हता, की मी वाघाची सेवा करायला आलो आहे. सगळे सरळ सांगत होते, मी वाघ पाहायला आलो आहे. त्या बाबतीत जंगलात फार प्रामाणिक वातावरण असतं. तिसऱ्या फेरीला वाघ दिसला. रस्ता ओलांडला, गेला. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही भाडं दिलं, कर दिला, थंडीत कुडकुडलो. त्यानं आभार मानले नाहीत, आणि तरी परतताना कुणीही ‘कृतघ्न आहे हो’ असं म्हणालं नाही. २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून आमच्या कन्नडजवळच्या गौताळ्यात येऊन पोचला. त्याला हवं होतं ते एकच. जंगल असू द्या आणि वाटेत येऊ नका.

मग वाटलं, जी मोकळीक आपण वाघाला देतो तेवढी माणसाला का देत नाही? आपण ज्याला मदत केली त्यानं आपल्याकडे पाहिलंच पाहिजे, हसलंच पाहिजे, फोटोत उभं राहिलंच पाहिजे, असा आपला हट्ट असतो. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, ज्याला पाठ फिरवून झाडीत जाता येत नाही, त्याची आपण जी करतो ती सेवा नव्हे. तो नुसता पिंजरा.

भाच्याला आम्ही एवढं सगळं सांगितलं नाही. काउंटरवर मागं रांग होती. त्याला म्हणालो, ‘अरे, जरूर जा. सिंह पाहा, हत्ती पाहा. शाळेत गेलास तर तिथल्या मास्तरांना आधी विचार, की मी नसतो आलो तर तुमचं काय अडलं असतं. काहीच नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नको, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बस. आणि मुलांचे फोटो काढण्याआधी त्यांना विचार. सिंहाचे खुशाल काढ, तो काही ऐकून घेत नाही.’

‘मग रकान्यात काय लिहू?’

‘प्रवास लिही.’

त्याचा चेहरा जरा उतरला. तीस वर्षांच्या आतल्या माणसाला ‘सेवा’ खोडून ‘प्रवास’ लिहिणं जड जातं, हे आम्हाला कळतं. त्याला म्हणालो, ‘कर्ज आहे रे हे. बँकेचं तीन वर्षांत फिटेल. तिथं जे शिकून येशील त्याचे हप्ते कुठं भरायचे, ते तुझं तू बघ.’ त्यानं ‘प्रवास’ लिहिलं. कर्ज मंजूर झालं. मसाई मारातला त्याचा सिंह आमच्या व्हॉट्सॲपवर आला. मुलांचा फोटो एकही आला नाही, आणि का आला नाही ते आम्ही विचारलं नाही.

आमच्या स्वतःच्या कर्जाचं सांगायचं तर ते अजून फिटायचं आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निराधारांचं अनुदान जमा होतं आणि आमच्या शाखेत म्हाताऱ्यांची रांग लागते. त्यात अधूनमधून एखादा असा येतो, की त्याचा अंगठा यंत्र घेत नाही. कधी झिजलेला असतो, कधी नसतोच. रिझर्व्ह बँकेची सूचना स्पष्ट आहे. अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, तोही जमत नसेल तर नुसती खूण चालते. मात्र बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांतला एक बँकेतला जबाबदार माणूस असावा लागतो. अशा वेळी आम्ही उठून साहेबांना बोलावून आणतो, दुसरी साक्ष आपली घालतो. तो माणूस पैसे मोजतो, पिशवीत घालतो आणि आमच्याकडे न पाहता निघून जातो. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, ‘खिडकी चालू करा हो!’